मला विचारायचं की मामांना

माझी बायको एनेलेस वारल्यानंतरच्या पहिल्या बैठकीला मी जाणार नव्हतो. पण निरोंगो बाईंनी माणूस पाठवला. तुम्ही आला नाहीत तर बैठकच भरत नाही, असा निरोप होता. आमच्या समितीचा नियमच तसा आहे. डॉक्टर, वकील, पाद्री कितीही असोत, गावातलं एखादं साधं माणूस खुर्चीवर असल्याशिवाय मत घेता येत नाही. तशी साधी माणसं आम्ही दोघं होतो. दुसरी बाई लेकाकडे ब्लँटायरला राहायला गेली आणि तिच्या जागी अजून कोणी नेमलेलं नाही. म्हणून मी शिवणयंत्र झाकून ठेवलं, कोट घातला आणि निघालो.

ही समिती करते काय, हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. आता थोडं कळतं. आमच्या जिल्ह्यात कोणाला नवं औषध देऊन बघायचं असेल, कोणाचं रक्त घ्यायचं असेल, तर त्याने आधी आमच्यासमोर यायचं. काय घेणार, कशासाठी घेणार, माणसाला आधी काय सांगणार, आणि तो नको म्हणाला तर गपचूप परत जाणार की नाही, ते सांगायचं. आम्ही हो म्हटलं तरच काम सुरू. कागद इंग्रजीत असतात, माझ्यासाठी ते आमच्या चिचेवा भाषेत करून देतात. मी ते घरी मोठ्याने वाचायचो आणि एनेलेस भाजी निवडता निवडता ऐकायची. दर वेळी विचारायची, ‘या वेळी काय न्यायला आलेत? थुंकी की रक्त?’ मी सांगायचो. मग म्हणायची, ‘कधीतरी काही द्यायलाही येऊ दे त्यांना.’

या वेळचे कागद मी मोठ्याने वाचले नाहीत. घरी ऐकायला कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर मनातही पुरते वाचले नाहीत. त्यामुळे डॉक्टर सैती उभ्या राहून बोलायला लागल्या तेव्हा मला सगळं नवीनच होतं.

डॉक्टर सैती तरुण आहेत आणि शांत बोलतात. त्या म्हणाल्या, आपल्या इस्पितळात येऊन माणूस मरतो आणि तो कशाने मेला हे पुष्कळदा कोणालाच कळत नाही. चुकीचं कारण लिहिलं जातं, आणि पुढच्या माणसाला चुकीचं औषध मिळतं. म्हणून माणूस गेल्यावर काही तासांच्या आत लांब सुईने फुप्फुसाचा, काळजाचा, यकृताचा अगदी बारीक तुकडा काढायचा. देह कापायचा नाही. आंघोळ घालणाऱ्या बायकांनाही खूण दिसणार नाही, इतकं बारीक काम. मग तो तपासायचा आणि घरच्यांना सांगायचं. यासाठी परवानगी घ्यायची. आधी नवऱ्याची किंवा बायकोची, ते नसतील तर मोठ्या मुलांची.

त्या खाली बसल्या. रेव्हरंड म्बेवे चहाच्या कपात बघत होते. सिस्टर चिसाले, ज्यांनी आयुष्यभर बाळंतपणाचा वॉर्ड सांभाळला, त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि त्या बघत नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं.

निरोंगो बाई अध्यक्ष. कायद्याच्या प्राध्यापक. त्या म्हणाल्या, “बाम्बो माक्विंजा, हा विषय पुढे ढकलू या का?”

मी म्हणालो, नको. मग त्यांनी विचारलं की गावातला माणूस म्हणून तुम्हाला काय वाटतं, नवऱ्याला अशा वेळी विचारणं बरोबर आहे का.

“मला कोणी विचारलंच नसतं,” मी म्हणालो.

बाईंना वाटलं मी डॉक्टरांबद्दल तक्रार करतोय. त्या समजावू लागल्या की आता तेच तर बदलायचं आहे, यापुढे विचारतील. मी म्हणालो, डॉक्टरांचं नाही हो. मी काही बोललो असतो तरी ते चाललं नसतं. देह तिच्या मामांचा.

निरोंगो बाई उत्तर मलावीतल्या. तिकडे नवरा गाई देतो आणि बायको घरी आणतो. ती मेली तरी त्याच्याच घरामागे पुरतात. इतकी वर्षं त्या इथे शिकवतात, पण ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी नीट शिरली नसावी. त्यांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तुमच्या बायकोबद्दल तुम्हाला काहीच बोलता येत नाही?”

“जिवंत होती तेव्हा तरी कुठे बोलता येत होतं,” सिस्टर चिसाले म्हणाल्या, आणि बैठकीत पहिल्यांदा लोक हसले. मग त्यांनी बाईंना सांगितलं, “इकडे जावई म्हणजे पाहुणा कोंबडा, मॅडम. आरवतो, दाणे टिपतो. पण अंगण त्याचं नाही न् पिल्लंही त्याची नाहीत.”

मीही हसलो. खोटं काही नव्हतं त्यात. मी लग्न करून एनेलेसच्या गावी राहायला आलो, घर तिच्या आईच्या जमिनीवर बांधलं. ती इस्पितळात वारली त्या सकाळी मी बाहेर सिमेंटच्या बाकावर बसून होतो. नर्स आली, तिने मला सांगितलं आणि लगेच विचारलं, मामा कुठायत. मामा आले, आत गेले, बोलले, सही केली. नंतर मी त्यांच्या मागे चालू लागलो. ती कशाने गेली हे मी विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलंही नाही. खोकत होती. पाय सुजले होते. नंतर कोणीतरी छाती म्हणालं, कोणीतरी रक्त म्हणालं.

आणि गावात बायका म्दुलो म्हणाल्या. हे मी बैठकीत सांगणार नव्हतो, पण सांगावं लागलं. कारण समितीचा दुसराही एक नियम आहे. ज्याचा विषयात स्वतःचा काही स्वार्थ असेल त्याने तो सांगायचा आणि बाहेर जायचं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, मला बाहेर जायला हवं. माझी बायको म्दुलोने गेली असं तिच्या माणसांत बोललं जातंय. म्हणजे मी बाहेर कुठे तरी तोंड काळं करून आलो, तसाच घरी येऊन मिठाला हात लावला, आणि ते मीठ खाऊन ती खोकून खोकून झिजली. मी असं काही केलेलं नाही. पण ही सुई तेव्हा असती तर माझं नाव साफ झालं असतं. म्हणून ही सुई यावी असं मला वाटतं. आणि असं वाटणाऱ्याने मत द्यायचं नसतं, असं तुम्हीच मला शिकवलंय.

यावर बराच गोंधळ झाला. निरोंगो बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. मी बाहेर गेलो तर गावातलं माणूस नाही, म्हणून मत घेता येत नाही. मी आत राहिलो तर स्वार्थ असलेला माणूस आत, म्हणून मत घेता येत नाही. एकजण म्हणाला की स्वार्थ म्हणजे पैशाचा, हा तसा नाही. दुसरा म्हणाला, नावापुढे पैसा काय. रेव्हरंड म्बेवे म्हणाले, ज्याच्या घरी कोणी मेलेलं नाही त्यानेच बसायचं ठरवलं तर इथे नुसत्या खुर्च्या उरतील. डॉक्टर सैतींना बाहेर बसवलं, पुन्हा आत बोलावलं, मग पुन्हा बाहेर पाठवलं. शेवटी बाई म्हणाल्या, बाम्बो माक्विंजांनी सगळ्यांसमोर सांगितलंय, लपवलेलं नाही, तेव्हा ते राहतील. पण आज मत नको. तुम्ही गावात विचारून या. मामांना विचारा की त्या दिवशी कोणी अशी परवानगी मागितली असती तर त्यांनी काय सांगितलं असतं.

मला वाटलं, हे सोपं आहे. मग बाहेर पडताना वाटलं, हे कसं विचारायचं?

आधी मी सिकेलोला विचारलं. सिकेलो एनेलेसचा धाकटा भाऊ. सायकल-टॅक्सी चालवतो. आम्ही एकमेकांना अलामू म्हणतो, आणि मेहुण्या-मेहुण्यांत जी थट्टा चालते ती आमच्यात मयताच्या दिवसांतही थांबली नाही. तो झाडाखाली चेन साफ करत होता. मी त्याला सुईचं सांगितलं.

“डॉक्टरांना आता शिंप्याचा सल्ला लागतो?” तो म्हणाला. “त्यांना सांग, तुझ्या सुईने शिवलेली माझी पॅन्ट कुठे उसवली ते आधी बघा.”

मी म्हणालो, नीट सांग. त्याने चेनला तेल लावत लावत विचार केला आणि म्हणाला, मी हो म्हटलं असतं. देहाला काही होत नाही, मग काय बिघडलं. मलाही कळलं असतं, आमच्या आईलाही छातीचंच होतं, उद्या माझी पाळी येईल. मग म्हणाला, “पण मला कोण विचारतंय? मामांना विचार. मी येतो बरोबर, तू एकटा गेलास तर म्हणतील जावयाला घाई झाली.”

घाई हा शब्द त्याने सहज वापरला. पण येत्या शनिवारी मला मोकळं करणार होते. बायको गेली की तिची माणसं एक दिवस ठरवतात, जावयाला बसवतात, दोन शब्द बोलतात आणि सांगतात, तू आता मोकळा, आपल्या आईच्या गावी जा. माझं आईचं गाव चिल्वा तलावाकडे. तिथे बहीण आहे. शिवणयंत्र न्यायला माणूसही सांगून ठेवला होता.

काडेवेरे मामा अंगणात चटईवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. आम्ही खाली बसलो, टाळी वाजवून नमस्कार केला, पावसाची, शेळ्यांची चौकशी झाली. मामांनी माझ्यापुढेही शेंगांचा ढीग ढकलला. सोलत सोलत मी सांगितलं. मध्ये सिकेलोने जोडलं की खूणसुद्धा दिसत नाही म्हणे.

मामांनी लगेच उत्तर दिलं. “नाही म्हणालो असतो.”

मी विचारलं, का. मला वाटलं ते देहाची विटंबना म्हणतील, किंवा पूर्वज म्हणतील. ते म्हणाले, “सुई काय सांगणार? फुप्फुस म्हणेल, नाहीतर काळीज. मग या बायका विचारतील, हिचंच फुप्फुस का? शेजारणीचं का नाही? ते सुई सांगते का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग बोट कुणाकडे तरी जाणारच. आत्ता ते थोडंसं तुझ्याकडे आहे. शनिवारी तू जाशील, ते तुझ्या मागोमाग तलावापर्यंत जाईल आणि पाण्यात पडेल. डॉक्टरांनी लिहून दिलं की जावयाचं काही नाही, तर ते बोट इथेच राहील. या आवारात.”

त्यांनी मान वळवली नाही. पण घराच्या दारातून एनेलेसची म्हातारी मावशी आमच्यासाठी पाणी घेऊन येत होती. शेवटपर्यंत एनेलेसला तिनेच भरवलं होतं, तिनेच तिचे पाय चोळले होते. तिला मूल नाही, एक डोळा पांढरा झालाय, एकटी राहते. आमच्याकडे असं माणूस मरतं तेव्हा चेटकीण म्हणून लोक कुणाकडे बघतात ते मला सांगायला नको होतं. तिने मला पाणी दिलं आणि नेहमीसारखं विचारलं, जेवलास का.

ती आत गेल्यावर मी म्हणालो, “मामा, तुमचा विश्वास आहे का, मी तसं काही केलं यावर?”

“मी तसं म्हणालो का?”

“मग माझं नाव?”

“तुझं नाव तुझ्या आईच्या गावी आहे,” मामा म्हणाले. “तिथे ते साफ आहे. इथलं आम्ही बघू.”

मला राग आला होता. पण शेंगा सोलायच्या राहिल्या होत्या, म्हणून त्या सोलत राहिलो. परत येताना सिकेलो माझ्याबरोबरच चालला. घराजवळ आल्यावर म्हणाला, मी तरी हो म्हटलं असतं, अलामू. त्याचा मला उपयोग नव्हता, पण बरं वाटलं. घरी आलो, भात नव्हता, मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवावी म्हणून पाणी ठेवलं आणि एनेलेसला सांगायला लागलो की तुझे मामा काय म्हणाले बघ. मग पाणी उकळून गेलं.

शुक्रवारी पुन्हा बैठक भरली. मी मामांचे शब्द जसे होते तसे सांगितले. मावशीचं नाव घेतलं नाही, एक म्हातारी बाई आहे इतकंच म्हणालो. डॉक्टर सैतींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या की आपण हे घाबरून सोडलं तर म्दुलोही राहील आणि चेटूकही राहील. लोकांना खरं कारण कळत गेलं की हळूहळू दोन्ही जाईल. रेव्हरंड म्हणाले, हळूहळू जाईल हे खरं, पण ती म्हातारी तोवर कुठे राहील? दोघांचंही मला पटलं. मी एकाचं ऐकून मान हलवायचो, मग दुसऱ्याचं ऐकून.

निरोंगो बाई म्हणाल्या, प्रश्न इतकाच आहे की विचारायचं कोणाला. मामांना विचारलं तर नवऱ्याचा आवाज जातो. नवऱ्याला विचारलं तर घरच्यांना वाटेल परक्याने आपलं माणूस विकलं, आणि उद्या इस्पितळात कोणी येणार नाही. मध्येच कोणीतरी म्हणालं, आजारी माणसालाच आधी का विचारू नये? सिस्टर चिसाले म्हणाल्या, जा तुम्ही वॉर्डात आणि खाटेवरच्या बाईला विचारा, मेल्यावर सुई टोचू का. ती आहे त्या सलाइनसकट घरी पळेल.

तोडगाही सिस्टरनीच काढला. लग्नाच्या वेळी दोन्हीकडून एकेक न्खोस्वे असतो. लग्न तेच जमवतात, भांडण तेच मिटवतात, नवरा-बायको वेगळे होताना तेच बसतात. मेल्यावर त्यांना का विसरायचं? दोन्ही न्खोस्वेंना एकत्र बोलवा. नवऱ्याकडचा आणि बायकोकडचा, दोघं हो म्हणाले तर सुई. एक जरी नको म्हणाला तर देह तसाच द्यायचा. आणि जे कळेल ते दोघांना एकत्र बसवून सांगायचं, एकाच्या कानात नाही. ते म्हणाले आम्हाला ऐकायचंच नाही, तर सांगायचं नाही.

डॉक्टर सैती म्हणाल्या, दोन गावांतून दोन म्हातारे येईपर्यंत वेळ निघून जाईल. अर्धी कामं वाया जातील.

“मग अर्धीच करा,” निरोंगो बाई म्हणाल्या. नंतर बराच वेळ वाद झाला. किती तास थांबायचं, फोनवर हो म्हटलं तर चालेल का, न्खोस्वे मेलेला असेल तर कोण. त्यातलं अर्धं मला समजलं. शेवटी बाईंनी सगळं वाचून दाखवलं आणि माझ्याकडे वळल्या. तुमचं मत सांगा, म्हणाल्या.

मी म्हणालो, “मला कळत नाही.”

“कळत नाही हे मी लिहून घेते. पण हात वर करायचा की नाही ते तुम्हीच ठरवायचं.”

एनेलेसकडचा न्खोस्वे काडेवेरे मामाच, माझ्याकडचा माझा भाऊ. मी बसल्या बसल्या ते मनात लावून बघितलं. तो बाक, नर्स, दोघं न्खोस्वे. माझा भाऊ हो म्हणतो. मामा नको म्हणतात. देह तसाच परत. म्हणजे हा नियम तेव्हा असता तरीही ती कशाने गेली हे मला कळलं नसतं, आणि आता तर कधीच कळणार नाही. दुसरा नियम, आधी कागदात होता तो, नवऱ्याला विचारा, तो माझ्या बाजूचा होता. त्याच्यासाठी मी भांडलो असतो तर कदाचित त्यांनी माझं ऐकलंही असतं. सगळ्यांना माझी कीव येत होती, हे मला दिसत होतं.

बाकीचे हात वर होते. सगळे माझ्या हाताची वाट बघत होते, कारण तो मोजल्याशिवाय ठराव होत नव्हता. मी हात वर केला. तो वर गेल्यावर मला वाटलं, आता खाली घ्यावा. पण तोवर बाईंनी मोजला होता.

बाहेर सिकेलो सायकल घेऊन उभा होता. डॉक्टर सैतींनी जाताना माझा हात हातात घेतला, थँक्यू म्हणाल्या, आणि त्या खूश आहेत की नाराज ते मला समजलं नाही. बहुतेक त्यांनाही समजलं नसावं. मी मागे बसलो. रस्त्याने सिकेलोला काय ठरलं ते सांगितलं.

“म्हणजे मामांना डॉक्टरांच्या टेबलाशी खुर्ची दिलीस,” तो म्हणाला.

“तुमच्या मामांना, आणि माझ्या भावालाही.”

“पण आमच्या बाबतीत उत्तर तेच आलं असतं. नाही.”

“तेच.”

थोडं पुढे गेल्यावर चढ आला. तो उतरला, मीही उतरलो, आणि आम्ही दोघांनी सायकल ढकलायला सुरुवात केली. त्याने विचारलं, मग हात वर का केलास. मी आधी सांगितलं, मावशीसाठी. मग वाटलं, ते पुरतं खरं नाही, कारण हात वर करताना मावशी माझ्या मनात नव्हती. म्हणून म्हणालो, एनेलेसही मामांच्या शब्दाबाहेर गेली नसती. सिकेलो हसला. ती लग्नाच्या वेळी मामांच्या शब्दाबाहेरच गेली होती, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

“मग का?” त्याने पुन्हा विचारलं.

मी म्हणालो, मला विचार करू दे, शनिवार झाल्यावर सांगतो.

“शनिवारनंतर तू इथे नसशील, अलामू,” तो म्हणाला, आणि सायकल ढकलत राहिला.